बुटक्या भाताची बखर

हरितक्रांतीविषयी लिहिताना आपल्याकडे दोनच चाली रूढ झाल्या आहेत. पहिली म्हणते, फिलिपिन्समधून एक चमत्कारी बियाणे आले आणि आशिया उपासमारीतून सुटला. दुसरी म्हणते, परदेशी बियाणे आले, आपले हजारो देशी वाण बुडाले आणि जमीन नासली. या धाग्यात मला दोन्ही चालींविरुद्ध बोलायचे आहे. वरकरणी त्या एकमेकींच्या वैरिणी दिसतात; पण दोघींनी एकच गोष्ट गृहीत धरली आहे, ती अशी की उत्पन्न हे बियाण्याच्या पोटात असते.

माझे म्हणणे वेगळे आहे. भाताच्या रोपाचा कोणताही गुण घ्या: उंची, फुटव्यांची संख्या, लोंबीतले दाणे, पानांचा कोन. त्या गुणाचे आणि खाचरातून निघणाऱ्या धान्याचे नाते कायमचे ठरलेले नसते. ते त्या काळाच्या पाण्याशी, खताशी, शेजारच्या रोपाशी, इतकेच काय, गोठ्यातल्या गुरांशीही बांधलेले असते. हे नाते कधी, कुठे आणि कोणत्या कारणाने उलटले, तोच भाताच्या सुधारणेचा खरा इतिहास आहे; आणि तोच आपल्या कथनातून नेमका गाळला जातो.

आधी उंचीविषयी बोलू. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोसमी आशियातले बहुतेक भात उंच होते. पाच फुटांपर्यंत किंवा त्याहून अधिक वाढणारे, रुंद आणि झुकत्या पानांचे. आज आपण त्यांना 'कमी उत्पन्न देणारे' असे सहज म्हणून टाकतो. परंतु शेतकऱ्यांनी शेकडो पिढ्या ते वाण अडाणीपणाने जपले नव्हते. उंच रोप तणावर सावली धरी. खाचरात एकाएकी गुडघाभर, कमरेएवढे पाणी चढले तरी त्याचा शेंडा वर राही. आणि पेंढा भरपूर मिळे. कोकणात पेंढा ही उरलीसुरली वस्तू नव्हती. गुरांची वर्षभराची बेगमी त्यावर, घरांची शाकारणी त्यावर. बैल नसेल तर नांगरट नाही आणि शेण नसेल तर राब नाही. म्हणजे यंदाचा पेंढा हा पुढच्या वर्षीच्या दाण्याचे भांडवल होता. अशा व्यवस्थेत दाण्याचे वजन तेवढे मोजून 'उत्पन्न' ठरवणे म्हणजे घराचा हिशेब फक्त तिजोरी पाहून करणे होय.

गुण आणि जमीन यांची सांगड घालण्याची भाषासुद्धा आपल्याकडे फार जुनी आहे. हळवे, निमगरवे, गरवे हे शब्द पाहा. ते रोपाच्या तयार होण्याच्या मुदतीचे आहेत, पण शेतकऱ्याच्या तोंडी ते जमिनीचेही शब्द होते. उथळ, लवकर सुकणाऱ्या खाचरात हळवे. पाणी धरून ठेवणाऱ्या सखल शेतात गरवे. 'हळवे चांगले की गरवे?' असा प्रश्न कुणा जाणत्या कुणब्याला विचारला असता, तर त्याने आधी उलटून विचारले असते, 'शेत कुठले?' माझ्या मते वनस्पतिप्रजननाच्या शास्त्राला हाच उलट प्रश्न नीट विचारायला पुढे कित्येक दशके लागली.

मग उंची दुर्गुण कधी ठरली? नत्राची गोणी शेतात आली तेव्हा. कारखान्यात तयार झालेले नत्रयुक्त खत स्वस्त होत गेले आणि एक विचित्र गोष्ट दिसू लागली. उंच भाताला खत घातले की ते अधिकच उंच होई, पाने गच्च वाढत, खालची पाने सावलीत कुजत, आणि दाणा भरण्याच्या ऐन वेळी वारा-पावसाच्या एका झोडीत सारे पीक लोळे. लोळलेल्या भाताचे दाणे पोचट राहतात, उरलेले पाण्यात भिजून कोंब धरतात. म्हणजे खत वाढवावे तसे एका मर्यादेनंतर उत्पन्न घटू लागे. रोप तेच होते, उंची तीच होती. बदलले होते ते मातीतले नत्र. कालपर्यंत जो गुण उत्पन्नाचा राखणदार होता, तोच आज चोर ठरला.

इतिहासप्रेमींना आवडेल असा एक योगायोग येथे सांगायलाच हवा. भाताचे रोप वाजवीपेक्षा उंच का होते, याचा शास्त्रीय धागा प्रथम सापडला तो जपानच्या ताब्यात असलेल्या तैवानात. जपानी शेतकरी एका रोगाला 'बाकानाए', म्हणजे 'मूर्ख रोप' म्हणत. रोगट रोप बारीक, फिकट आणि भलतेच उंच होई, आणि पुढे कोलमडे. १९२६ साली एइची कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने तैवानात काम करताना दाखवून दिले, की एक बुरशी काही द्रव्य स्रवते आणि त्या द्रव्यानेच रोपे अशी ताणली जातात. त्या द्रव्याला पुढे जिबरेलिन हे नाव मिळाले. निरोगी रोपातही ते संप्रेरक असते आणि तेच त्याची उंची ठरवते, हे नंतर कळले. आणि ज्या बेटावर हा शोध लागला, त्याच बेटावरच्या शेतकऱ्यांकडे एक जुना बुटका वाण होता, ज्याच्यात हे संप्रेरक कमी तयार होत असे. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध कळायला २००२ साल उजाडावे लागले.

त्या वाणाचे नाव डी-जिओ-वू-जेन. अर्थ साधारण असा: 'आखूड पायांचा, काळ्या टोकाचा'. नावातच गुण सांगणारे हे शेतकऱ्यांचे नामकरण मला कोणत्याही प्रयोगशाळेच्या क्रमांकापेक्षा अधिक आवडते. तैवानातल्या ताइचुंग येथील केंद्रात या वाणाचा एका उंच स्थानिक वाणाशी संकर झाला आणि १९५६ मध्ये 'ताइचुंग नेटिव्ह-१' प्रसारित झाला. आपल्या कृषिसाहित्यात तो 'टीएन-१' म्हणून ओळखला जातो आणि १९६० च्या दशकाच्या मध्यास तो भारतात आला. म्हणजे बुटक्या भाताची कथा फिलिपिन्समध्ये सुरू होत नाही. तिचा उगम आशियातल्या शेतकऱ्यांच्या कणग्यांत आहे.

फिलिपिन्समधला अध्याय मात्र नाट्यमय आहे, हे नाकारता येणार नाही. फोर्ड आणि रॉकफेलर या प्रतिष्ठानांनी फिलिपिन्स सरकारच्या साहाय्याने १९६० मध्ये लॉस बान्योस येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन केली. तिला सारे 'इरी' म्हणतात. तेथे पीटर जेनिंग्ज या प्रजननतज्ज्ञाने १९६२ मध्ये ३८ संकर केले. त्यांतला आठवा संकर होता 'पेटा' आणि डी-जिओ-वू-जेन यांचा. पेटा हा इंडोनेशियात तयार झालेला उंच, जोमदार वाण. त्याचा एक पूर्वज चीनकडचा, दुसरा बंगालकडचा 'लतीसाईल'. संकरातून १३० दाणे मिळाले. त्यांची सगळी रोपे उंच निघाली. पुढच्या पिढीत सुमारे दहा हजार रोपे लावली, तेव्हा त्यांतली साधारण पाव हिस्सा रोपे बुटकी होती. मेंडेलचा नियम शाळेत शिकलेल्याला यातला अर्थ लगेच उमगेल: उंची-बुटकेपणाचा मोठा फरक एकाच जनुकावर अवलंबून होता. जेनिंग्जच्या हाती हे गुणोत्तर पडले तेव्हा पुढचे काम सोपे झाले. पुढे टेक्सासहून आलेल्या हेन्री बीचेल यांनी २८८ क्रमांकाच्या ओळीतले तिसरे रोप निवडले आणि त्याची संतती 'आयआर-८' या नावाने नोव्हेंबर १९६६ मध्ये प्रसारित झाली. सुरजितकुमार डे दत्ता या भारतीय शास्त्रज्ञाने इरीमध्ये घेतलेल्या खतांच्या चाचण्यांत तिने हेक्टरी नऊ टनांच्या पुढे मजल मारली. आशियातल्या सामान्य शेतात तेव्हा एक-दोन टन निघत.

आता वर्तमानपत्रांनी जिथे 'चमत्कार' हा शब्द लिहिला, तिथे थोडे थांबू. आयआर-८ उंच भातापेक्षा हवेतून आणि मातीतून फार अधिक काही मिळवत होती का? मुख्यतः नाही. काडी, पान आणि दाणा यांचे एकूण वजन घेतले, तर फरक मुख्यत्वे वाटणीत होता. जुन्या उंच वाणांत एकूण वजनाचा सुमारे तीस टक्के भाग दाण्यात जाई. नव्या बुटक्या वाणांत तो पन्नास टक्क्यांच्या आसपास पोहोचला. शास्त्रज्ञ या वाट्याला कापणी निर्देशांक म्हणतात. म्हणजे 'चमत्कार' होता तो पेंढ्याच्या वाट्यातले दाण्याच्या वाट्यात टाकण्याचा, आणि अधिक नत्र देऊनही रोप उभे ठेवण्याचा. ज्याच्या गोठ्यात चार गुरे होती त्याने या व्यवहारात काय गमावले, हे हेक्टरी टनांच्या तक्त्यात कुठेच उमटत नाही.

या कथेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग त्यानंतरचा आहे आणि तो फार कमी सांगितला जातो. जेनिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. उंच आणि बुटक्या वाणांचे बियाणे मिसळून एकाच शेतात लावायचे, जे पिकेल त्यातूनच पुढच्या हंगामाचे बी घ्यायचे, आणि हे काही पिढ्या चालवायचे. स्वतंत्र लावले असता सर्वांत अधिक उत्पन्न देणारे बुटके वाण या मिश्रणातून झपाट्याने नाहीसे झाले. उंच, पानाळ रोपांनी त्यांचा उजेड हिरावला. हे निष्कर्ष १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातले कृषिशास्त्रज्ञ कॉलिन डोनाल्ड यांनी, मुख्यतः गव्हासारखी धान्ये डोळ्यांपुढे ठेवून, हाच विचार सिद्धांताच्या रूपात मांडला: पिकाचे आदर्श रोप हे दुबळे स्पर्धक असले पाहिजे. त्याने शेजाऱ्याचा उजेड खाऊ नये, पाने सरळ उभी ठेवावीत, फुटवे मोजके काढावेत.

या वाक्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. शेतात फिरताना जे रोप सगळ्यांत डोळ्यांत भरते, ज्याला सर्वाधिक फुटवे आहेत, ज्याची लोंबी भारी आहे, ते रोप शेजाऱ्यांना लुबाडून भारी झालेले असू शकते. त्याचेच बी घेऊन सारे शेत लावले, तर सगळेच लुबाडणारे. मग लुबाडायला उरणार कोण? एका रोपाचा पराक्रम आणि साऱ्या शेताचे उत्पन्न या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाटणच्या एका सरदाराचा जोम आणि अख्ख्या फौजेचा जोम यांत जो फरक, तोच हा. आणि म्हणूनच, 'आपल्या पूर्वजांना हजारो वर्षांत बुटके भात का सुचले नाहीत?' या प्रश्नाचे एक उत्तर असे देता येते, की मिश्र, तणाळ, पूर येणाऱ्या शेतात निसर्ग त्या रोपांना टिकूच देत नव्हता. त्यांना टिकायला सारखे बी, काबूत ठेवलेले पाणी, वेळेवरची बेणणी आणि पोत्यातले खत लागते. बुटका भात जिथे जगला, तिथे तो काळजीपूर्वक जपला गेला म्हणून जगला.

इथे थोडे अंकगणित करू, कंटाळू नका. एक चौरस मीटर शेतात ३०० लोंब्या, प्रत्येक लोंबीत १०० दाण्यांची जागा, त्यांतले ८० टक्के भरलेले आणि हजार भरल्या दाण्यांचे वजन २५ ग्रॅम. गुणाकार केला की ६०० ग्रॅम होतात, म्हणजे हेक्टरी ६ टन. जपानी शास्त्रज्ञ मात्सुशिमा यांनी भाताच्या उत्पन्नाचा विचार याच चार घटकांतून रूढ केला. कागदावर पाहता वाटते, कोणताही एक आकडा वाढवा, उत्पन्न वाढेल. शेतात तसे होत नाही. लोंब्या वाढल्या की प्रत्येक लोंबी लहान होते. दाण्यांच्या जागा वाढल्या की त्या भरण्याइतके अन्न पानांत तयार होत नाही आणि पोचट दाण्यांचे प्रमाण वाढते. दाणा मोठा झाला की संख्या घटते. जणू एकाच अंगावर चार भावंडांनी ओढलेली चादर.

याच गुंत्यातून वाट काढण्यासाठी प्रजननतज्ज्ञांनी संख्याशास्त्राचा आधार घेतला. गिनीपिगांच्या रंगाचा आणि वंशाचा अभ्यास करणाऱ्या स्यूअल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांवर एक निबंध लिहिला. त्यातली पथ-विश्लेषणाची पद्धत १९५९ मध्ये ड्यूई आणि लू यांनी एका चाऱ्याच्या गवताच्या बीजोत्पादनाला लावली, आणि तेव्हापासून ती भारतातल्या कृषिविद्यापीठांत जणू दिनचर्या झाली. अमुक इतके वाण लावायचे. उंची, फुटवे, लोंबीची लांबी, दाण्यांची संख्या मोजायची. कोणत्या गुणाचा उत्पन्नावर थेट परिणाम किती आणि दुसऱ्या गुणामार्फत किती, याचा तक्ता मांडायचा. पद्धत उत्तम आहे. माझा आक्षेप तिच्या वाचनावर आहे. एका प्रबंधात उंचीचा उत्पन्नाशी अनुकूल संबंध निघतो, दुसऱ्यात प्रतिकूल. नवखा वाचक गोंधळतो आणि म्हणतो, कुणीतरी चुकले. बहुधा कुणीच चुकलेले नसते. एकाने कमी खताच्या कोरडवाहू जमिनीत उंच-मध्यम वाण लावलेले असतात, दुसऱ्याने भरपूर नत्र देऊन. दोन्ही तक्ते खरे असतात. पण प्रत्येक तक्ता एका शेताचा, एका हंगामाचा आणि वाणांच्या एका गोतावळ्याचा दस्तऐवज असतो. ताम्रपट वाचताना आपण काळ, स्थळ आणि देणारा कोण हे आधी पाहतो ना? मग या तक्त्यांना वेगळा न्याय का?

ही शिस्त सुटली की काय होते, याचा धडा खुद्द इरीनेच गिरवला. आयआर-८ नंतर दोन दशके लोटली. वाण लवकर तयार होऊ लागले, किडींना तोंड देऊ लागले, पण कमाल उत्पन्नाची पातळी फारशी हलेना. तेव्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'नव्या ठेवणीच्या रोपा'ची योजना निघाली. बुटक्या वाणांना पुष्कळ फुटवे येतात आणि त्यांतले कित्येक वांझ राहतात, असे दिसले होते. मग तर्क असा: फुटवे थोडेच हवेत, पण प्रत्येक लोंबी भारी, दोनशेच्या पुढे दाण्यांची, बुंधा जाड, मुळे खोल. इंडोनेशियाकडील 'बुलू' प्रकारच्या भातांतून हे गुण आणले गेले. रोप ठरल्याबरहुकूम तयारही झाले. १९९४ च्या सुमारास जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याला 'महाभात' ठरवून टाकले. आणि शेतात? पहिल्या पिढीच्या त्या रोपांनी निराशा केली. फुटवे कमी म्हणून एकूण वाढ कमी; वाढ कमी म्हणून भारी लोंब्या भरायला अन्न कमी; दाणे पोचट; शिवाय किडी-रोगांपुढे दुबळेपणा. चादर एका बाजूने ओढली, दुसरी बाजू उघडी पडली. पुढे त्यांचा इंडिका वाणांशी संकर करून फुटवे पुन्हा थोडे वाढवले, तेव्हा गाडी रुळावर आली. चीनने १९९६ पासून आपल्या महाभाताच्या कार्यक्रमात वरच्या तीन पानांवर अधिक भर दिला: लांब, उभी, अरुंद, किंचित पन्हळीसारखी दुमडलेली पाने, म्हणजे आधी अन्न तयार करण्याची सोय आणि मग मोठी लोंबी. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की इरीच्या शास्त्रज्ञांनी आपले अपयश मोजून, तक्त्यांसह प्रसिद्ध केले. 'चमत्कार' सांगणाऱ्या लेखकांनी ते वाचले नाही, एवढेच.

आता दुसऱ्या चालीकडे. आयआर-८ चे दोष खरे होते. दाणा पांढुरका, दळताना फुटणारा. भात निवला की कडक होई. टीएन-१ जिवाणूजन्य करप्याला सहज बळी पडे. एकाच वाणाची गच्च, हिरवीगार, नत्राने पोसलेली शेते तपकिरी तुडतुड्यांना मेजवानीच ठरली. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक रा. ह. रिछारिया यांनी या बुटक्या परदेशी वाणांच्या घाईला विरोध केला आणि त्या काळात त्यांना पद सोडावे लागले. पुढे मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या पट्ट्यातले हजारो देशी भात त्यांनी गोळा केले. त्यांचा प्रश्न योग्य होता, असे माझे मत आहे: हे वाण कुणाच्या शेतासाठी? पण तो प्रश्न ज्या वर्षी विचारला गेला ते वर्षही विसरू नये. १९६५ आणि १९६६ असे सलग दोन पावसाळे दगा देऊन गेले होते, १९६६ मध्ये भारताने सुमारे एक कोटी टन धान्य आयात केले होते, आणि बंगालचा १९४३ चा दुष्काळ पाहिलेली पिढी मंत्रालयांत बसलेली होती. त्या खुर्चीत बसून 'आधी दहा वर्षे चाचण्या घेऊ' असे म्हणणे सोपे नव्हते. रिछारियांना ऋषी आणि इतरांना हस्तक ठरवणारे लेखन मला म्हणूनच पटत नाही.

शिवाय भारताने ते बियाणे निमूट गिळले असेही नाही. अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्प हैदराबादेत १९६५ मध्ये सुरू झाला. टीएन-१ आणि ओडिशाकडील टी-१४१ यांच्या संकरातून १९६८ मध्ये 'जया' आली: बुटकी, भरघोस आणि आयआर-८ पेक्षा थोडी लवकर तयार होणारी. कोकणात आणि गोव्यात 'जया' हे नाव घराघरांत गेले. पन्नास वर्षे झाली तरी गोव्यातला शेतकरी ते बी मागतो. परदेशी जनुक, देशी रोप, स्थानिक चव: यातला कोणता भाग 'परका' म्हणून वेगळा काढणार?

महाराष्ट्रातले आणखी एक उदाहरण तर शास्त्रज्ञांच्या तक्त्यालाच उलटा प्रश्न विचारते. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याला १९८३ मध्ये 'पटेल-३' या वाणाच्या आपल्या शेतात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या राखल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवड केली. निघालेला तांदूळ इतका बारीक आणि रुचकर होता, की बाजारात त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून 'एचएमटी' हे नाव पडले. पुढे त्यांच्या वाणावर विद्यापीठीय शिक्का बसला आणि श्रेयाचा वाद झाला, ती कथा अनेकांना ठाऊक असेल. २०१८ मध्ये खोब्रागडे गेले. मला इथे दाखवायचे ते दुसरेच. वरच्या गुणाकारात दाण्याचे वजन हा एक घटक होता. बारीक दाणा म्हणजे तो आकडा कमी. केवळ तक्ता पाहून निवड करणाऱ्याने त्या तीन लोंब्या कदाचित सोडून दिल्या असत्या. खोब्रागड्यांनी दाण्यांची संख्या, भरडल्यावरचा उतारा, शिजल्यावरचा वास आणि बाजारातला भाव हे सगळे एकाच नजरेत धरले. त्यांच्या 'उत्पन्ना'ची व्याख्या पुस्तकातल्यापेक्षा मोठी होती.

मागे २००२ सालाचा उल्लेख केला, तिकडे परत जाऊ. त्या वर्षी वेगवेगळ्या शास्त्रज्ञगटांनी बुटकेपणाचे जनुक ओळखले. जिबरेलिन तयार करणाऱ्या साखळीतले एक विकर ते घडवते; डी-जिओ-वू-जेन मध्ये त्याचा ३८३ अक्षरांचा तुकडा गळालेला आहे, म्हणून ते मोडके आहे. कुरोसावांचे 'मूर्ख रोप' आणि आखूड पायांचा वाण, दोघे एकाच साखळीची दोन टोके निघाले. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले, की जापोनिका भाताच्या प्राचीन लागवडीतही याच जनुकाच्या सौम्य, रोप थोडे आखूड करणाऱ्या रूपांची माणसाने निवड केली होती. आणि २०१८ मध्ये त्याहून नवलाची गोष्ट कळली. बांगलादेशात पूर चढतो तसतसे दिवसाला वीत-वीत वाढून पाण्यावर डोके ठेवणारे, काही मीटर उंच होणारे भात आहेत. त्यांच्या या झेपेमागे कोणते जनुक? तेच! एक मोडके रूप सपाट, बांध घातलेल्या शेतात जगाला पोसते. एक धडधाकट रूप मेघनेच्या पुरात शेतकऱ्याचे पीक वाचवते. या जनुकाला 'चांगले' म्हणाल की 'वाईट'?

हे सारे आज का सांगतो आहे? ४ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने जनुक-संपादनाने तयार केलेल्या भाताच्या दोन वाणांची घोषणा केली. त्यांतला 'कमला', म्हणजे डीआरआर धान १००, हा 'सांबा महसुरी' या लोकप्रिय बारीक तांदळात एक जनुक निकामी करून तयार केला आहे. हे जनुक लोंबीतल्या दाण्यांची संख्या मर्यादित ठेवते, हे २००५ पासून ठाऊक आहे. ते मोडले की दाण्यांच्या जागा वाढतात. उत्पन्न १९ टक्के अधिक आणि पीक सुमारे वीस दिवस आधी तयार, असे घोषणेत सांगितले गेले. लगेच समाजमाध्यमांवर त्याच दोन जुन्या चाली सुरू झाल्या: एकीकडे दुसरी हरितक्रांती, दुसरीकडे सर्वनाश.

मला त्या आकड्यावर संशय घ्यायचा नाही आणि त्याची आरतीही ओवाळायची नाही. मला त्यापुढचे स्तंभ हवे आहेत. वाढलेल्या दाण्यांपैकी भरलेले किती, पोचट किती? हे नत्राच्या कोणत्या मात्रेला? ऐन लोंबी भरताना ढग दाटले तर काय? मुदत वीस दिवसांनी घटली, तर गडचिरोलीच्या पावसावरच्या बांधीत ते वरदान ठरेल, की परतीच्या पावसात कापणी सापडेल? पेंढा किती? आणि हे सगळे वेगवेगळ्या विभागांत, वेगवेगळ्या हंगामांत तपासलेले तक्ते सर्वांना पाहायला खुले होणार का? इतिहास वाचणाऱ्या तरुणांनी हे प्रश्न विचारायला हरकत नाही. साधनांची चिकित्सा करण्याची सवय तुम्हांला आहेच.

दरम्यान गोव्याच्या खाजन जमिनींत, जिथे खाडीचे खारे पाणी बांधाला टेकलेले असते, तिथे 'कोरगुट' हा उंच, जुना, मीठ सोसणारा भात अजूनही लावला जातो. गोड्या पाण्याच्या शेतांत बुटकी जया असते. शेतकरी तोच, पावसाळाही तोच.